अण्णांच्या चार गोळ्या

लोणी, ता. आंबेगाव
९ नोव्हेंबर २०२४

कपिलदादा,

जयभीम.

तुझा फोन माझ्या नंबरवरून लागत नाही. शेजारच्या सूरजच्या फोनवरून लावून पाहावा असं एकदा मनात आलं होतं. पण तू "हॅलो" म्हणाल्यावर मी पुढं काय बोलणार, ते ठरेना. म्हणून पत्र लिहिते आहे. जामनगरचा पत्ता आईच्या वहीत तुझ्याच अक्षरात सापडला. रजिस्टर करते आहे, म्हणजे पोचलं एवढं तरी कळेल.

मी काही मागत नाही. अण्णांना घेऊन जा म्हणत नाही, ये असंही म्हणत नाही. मला एक गोष्ट कळली आहे आणि ती तुला आणि वहिनींना कळायला हवी, एवढंच.

मी अजून दादाभाऊंच्या मेडिकलमध्येच आहे. पण ऑक्टोबरपासून तीन दिवस दुकान आणि तीन दिवस गावं, असं चाललंय. पुण्याच्या एका फार्मसी कॉलेजनं आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत तपासणी काढली आहे. पासष्टच्या वरच्या माणसांच्या घरी जायचं, त्यांच्या गोळ्यांची पिशवी सतरंजीवर उपडी करायची, एकेक पाकीट लिहून घ्यायचं आणि कॉलेजनं दिलेल्या यादीशी ताडून बघायचं. म्हाताऱ्या शरीराला सोसत नाहीत, शक्यतो देऊ नयेत, अशा औषधांची ती यादी आहे. सापडलं तर त्यांच्या डॉक्टरांना एक चिठ्ठी पाठवायची. आपण स्वतः काहीही बंद करायचं नाही, ही पहिली ताकीद.

आम्हाला शिकवायला हर्षाली मॅडम म्हणून आहेत. पहिल्या दिवशीच त्या म्हणाल्या, घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा फॉर्म सरावासाठी भरून आणा. मी अण्णांचा भरला.

अण्णांना रोज नऊ गोळ्या होत्या. त्यातल्या चार यादीत निघाल्या. लघवीला सारखं जावं लागतं म्हणून एक, ती नारायणगावला दाखवलं तेव्हापासूनची. पाय जळजळतात म्हणून एक, ती दुसऱ्या डॉक्टरची. झोपेची आपल्या जुन्या डॉक्टरांची. आणि अंगाला खाज सुटते म्हणून एक, ती कधीपासूनची आहे कोण जाणे. कुणीच दुसऱ्याचा कागद पाहिला नव्हता. मॅडमनी माझा फॉर्म वाचला आणि विचारलं, "हे आजोबा तुम्हाला ओळखतात का?" मी म्हटलं, कधी ओळखतात, कधी नाही. त्या म्हणाल्या, या चार एकत्र घेतल्या तर माझा बापही मला ओळखणार नाही.

दादा, अण्णांना वेड लागलं नव्हतं. आपण सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की वयानं डोकं गेलं. डोक्यात धुकं होतं आणि ते आपण रोज दोन वेळा पाण्याबरोबर देत होतो.

त्या दिवसाचे शब्द मी अडीच वर्षांत कुठंही उच्चारले नाहीत. आज एकदा लिहिते. आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे पावणे बसले असताना अण्णा उठले, वहिनींकडं बोट केलं आणि म्हणाले, "हिनं माझ्या द्रौपदाला इष घातलं." ज्या बाईनं दीड महिना आईला चमच्यानं पेज भरवली, तिला. शौर्य तिच्या पदराला धरून उभा होता. आणि तू त्यांचा हात धरायला गेलास तर तुला म्हणाले, तू माझा न्हाईस.

ते बोलणारे अण्णा नव्हते. मला एवढंच सांगायचं होतं.

आता मॅडमच्या ओळखीचे एक डॉक्टर त्या गोळ्या हळूहळू कमी करणार आहेत. काय होतं ते कळवीन. तू उत्तर दिलं नाहीस तरी.

अमृता


लोणी
२२ डिसेंबर २०२४

दादा,

पोचपावती आली. सही वहिनींची आहे. त्यांनी पत्र घेतलं, परत पाठवलं नाही, यावर मी दोन दिवस बरी होते.

अण्णांची खाजेची गोळी पहिल्याच दिवशी बंद केली. लघवीची आठवड्यानं. पायाची अर्धी, मग पाव. झोपेची एकदम थांबवता येत नाही, त्रास होतो, म्हणून ती दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी कमी चालली आहे. पहिले दहा दिवस फार वाईट गेले. रात्रभर बडबड, अंथरुणं धुण्याची पाळी. मला वाटलं, मी हे काय आरंभलं.

मग गेल्या मंगळवारी एक झालं. संध्याकाळी भाकरी करत होते आणि दिवा सारखा मंद व्हायचा, मध्येच भगभगायचा. अण्णा खाटेवर होते. वर न बघताच म्हणाले, "खांबावर न्यूट्रल ढिला झालाय. फ्रिज बंद कर आधी, जळंल. आन् वायरमनला सांग, शाळंपुढचा खांब बघ म्हणावं."

मी परातीत हात तसाच ठेवून त्यांच्याकडं बघत राहिले. तीन वर्षांत ते सलग एवढं बोललेले नव्हते. फ्रिज बंद केला. गोकुळ आता इथला वायरमन आहे, त्याला फोन केला. तासाभरानं तोच हसत दारात आला. म्हणाला, "ताई, शाळेपुढचाच खांब निघाला. तुळशीदासभाऊंनी घरात बसून सांगितलं व्हय?" अण्णा त्याला म्हणाले, हातमोजे घातले व्हते का.

चौतीस वर्षं खांबावर चढलेला माणूस, दादा. तो आत होता. कुठं गेलाच नव्हता.

गावांचं काम चालू आहे. मागच्या आठवड्यात येडगावला धरणाच्या कडेला एका घरी गेले. रखमाजी आणि कुशाबाई, दोघंच असतात. दोघांच्या गोळ्या एकाच पिशवीत. रखमाजींना वाचता येत नाही, ते रंगावरून वाटतात, पांढऱ्या तिच्या आणि तांबड्या त्यांच्या. कंपनी बदलली की रंग बदलतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. कुशाबाईंना गुडघ्याची एक गोळी आठ वर्षं चालू आहे. पायावर सूज, तोंडावर सूज. मी म्हटलं, आजी, ही गोळी तुमच्या किडनीला सोसत नाही, डॉक्टरांना चिठ्ठी देते, ते बंद करतील.

रखमाजी मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळू म्हणाले, "सगळ्या बंद नका करू, बाई. पोरगा रोज फोन करतो, गोळ्या घेतल्या का इचारतो. दुसरं काय बोलायचं त्ये त्याला न्हाई सुचत."

मी फॉर्ममध्ये हे कुठं लिहायचं ते शोधलं. तशी जागा नव्हती.

अण्णा आता मला रोज ओळखतात. तुझी आठवण काढतील तेव्हा मी काय सांगू, ते अजून ठरवलेलं नाही.

अमृता


लोणी
१९ जानेवारी २०२५

दादा,

या पाकिटात आणखी एक कागद आहे. तो वहिनींसाठी आहे, अण्णांच्या हातचा. आधी माझं वाच.

अण्णा स्वच्छ झालेत. आता पेपर वाचतात, दाढी स्वतः करतात. बाहेर कट्ट्यावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावानं हाक मारतात. लोक मला थांबवून विचारतात, कुठलं औषध दिलं? मी म्हणते, काढलं. त्यांना ते पटत नाही.

पण माणूस जागा झाला की विचारतो. मी याचा विचारच केला नव्हता.

आई गेली तेव्हा अण्णा खोलीतच होते, पण त्यांना ते धरून ठेवता आलं नाही. रोज सकाळी विचारायचे, द्रौपदा कुठंय. पहिले काही आठवडे मी खरं सांगायचे आणि ते रोज नव्यानं रडायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी एका सकाळी माझ्या तोंडून निघालं, पारगावला गेली मावशीकडं, येईल. ते शांत झाले. मग मी तेच चालू ठेवलं. अडीच वर्षं आई पारगावला आहे.

संक्रांतीच्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "पारगाव काय लांब हाय? एवढ्या दिसांत ती एकदा येत न्हाई, तू मला तिला भेटायला न्हेत न्हाईस. खरं काय त्ये सांग."

मी सांगितलं. तारीख सांगितली, आजार सांगितला, कोण कोण आलं होतं ते सांगितलं. ते रडले नाहीत. म्हणाले, "मी व्हतो का तिथं?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "कपिल का येत न्हाई?"

त्या दिवशीचं अर्धंच सांगायचं माझ्या मनात होतं. पण त्यांनी प्रत्येक वाक्यानंतर "मंग?" असं विचारलं, आणि मी सगळं सांगून बसले. इष घातलं हेसुद्धा. ते उठून परसात गेले. परत आले तेव्हा त्यांनी वही मागितली. लाइनच्या कामाच्या नोंदी ठेवायचे ना, तशाच अक्षरात लिहिलंय. मी वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं.

"प्राची, मी बोललो. त्या येळेला मी शुद्धीत नव्हतो असं अमृता म्हणते. पण तोंड माझंच होतं. द्रौपदाची सेवा तू केलीस हे मला आता कळलं. शौर्यला सांग, आजोबा खोटं बोलला. तुळशीदास."

दादा, एवढं वहिनींना दे. तुला काही करायचं नसेल तर नको करूस, पण हे त्यांना दे.

अमृता


लोणी
२ मार्च २०२५

दादा,

पोचपावती आली. या वेळी सही तुझी आहे.

त्यानंतर अण्णा रोज अकरा वाजता कट्ट्यावर जाऊन बसत. टपाल त्याच सुमाराला येतं. पहिले काही दिवस पोस्टमनला विचारायचे, मग नुसते बघायचे. ज्ञानेश्वर पोस्टमन भला माणूस आहे, तो आधी लांबूनच मान हलवायचा. नंतर नंतर त्यानं आपला रस्ताच बदलला, मागच्या आळीनं जाऊ लागला. पाच आठवडे झाले. तुला दोष द्यायला लिहीत नाही. घडलं ते लिहिते आहे.

परवा जेवण झाल्यावर अण्णा म्हणाले, "त्या गोळ्या कुठं ठेवल्यास?"

मी विचारलं, कुठल्या?

"बंद केल्या त्या. त्या दे मला."

मी म्हटलं, अण्णा, त्यांनीच तुमचं डोकं बिघडवलं होतं. तुम्हाला काही कळत नव्हतं.

ते म्हणाले, "व्हय. तेव्हा ती पारगावला व्हती."

मी भांडी घासायला घेतली. ते माझ्या मागं येऊन उभे राहिले. शांतपणे बोलत होते, हट्ट नव्हता. म्हणाले, आता सगळं दिसतं. पावणे दिसतात, प्राचीचं तोंड दिसतं, लेकरू दिसतं. त्यांना खरंच आठवतं, की मी सांगितलं म्हणून दिसतं, मला माहीत नाही. म्हणाले, "तू मला चांगला केलास ग. पण कशापायी केलास?"

गोळ्या मी दिल्या नाहीत. घरात उरलेल्या सगळ्या दुकानात नेऊन टाकल्या.

आता मला तुला दुसरं सांगायचं आहे. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. खाजेची गोळी कधीपासूनची आहे कोण जाणे, असं लिहिलं होतं. मला माहीत आहे. ती कुठल्याच डॉक्टरनं लिहिली नव्हती. २०२० च्या उन्हाळ्यात अण्णा पाठ खाजवायचे, दवाखाने बंद होते, आणि मी दुकानातून एक पाकीट आणलं. मग दर महिन्याला आणत राहिले. फॉर्मवर "औषध कोणी सुरू केलं" असा रकाना आहे, तिथं मी "माहीत नाही" लिहिलं. अजूनही तसंच आहे.

सगळ्या चिठ्ठ्यांच्या तारखा मी लावून पाहिल्या. पहिली माझी. त्यानंतर दोन महिन्यांनी ते रात्री भटकायला लागले, म्हणून झोपेची आली. खाजेच्या गोळीनं लघवी पुरती होत नव्हती, म्हणून सारखं जावं लागायचं, त्यावर लघवीची आली. डॉक्टरांनी आपापला आजार पाहिला. त्यांच्यापुढं तो आजार मी नेऊन ठेवला होता.

आणि त्या दिवशीचं राहिलं. पुण्यानुमोदनाच्या सकाळी अण्णा अस्वस्थ होते. घरात माणसं वाढत होती आणि ते दारात येऊन प्रत्येकाला हाकलत होते. मला लाज वाटली. पावणे येतील, भन्तेजी येतील, तेवढा वेळ हे गप्प बसले पाहिजेत. नऊ वाजता मी त्यांना खाजेच्या तीन आणि झोपेची एक जास्तीची दिली. चहात विरघळवून दिल्या, कारण ते घेत नव्हते. साडेअकराला ते उठले आणि वहिनींकडं बोट केलं.

तू जाताना मला म्हणालास, "तू उभी होतीस आणि एक शब्द बोलली नाहीस." मला वाटत होतं, एवढ्या गोळ्यांनी यांना झोप कशी लागली नाही. मी त्याच विचारात होते, म्हणून बोलले नाही. पहिल्या प्रशिक्षणाला मॅडम सांगत होत्या की या गोळ्यांनी म्हातारी माणसं शांत होण्याऐवजी कधी कधी बिथरतात, भलतंच दिसू लागतं, जवळच्या माणसावर संशय घेतात. बाकीच्या मुली लिहून घेत होत्या. मी पेन खाली ठेवलं.

तर विष मी घातलं. आईला नाही. पण घातलं.

हे मी अण्णांना सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं तोंड त्यांचंच होतं. मी एका वाक्यात त्यांना सोडवू शकते आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. मग त्यांच्याजवळ कोण उरेल, असं मी स्वतःला सांगते. हेही खरं नसेल.

अमृता


लोणी
११ एप्रिल २०२५

दादा,

अण्णा पडले.

सोमवारी मी येडगावला गेले होते. कुशाबाई गेल्या, त्यांच्या फॉर्मवर शेवटची नोंद करायची होती. किडनी. त्यांच्या डॉक्टरांना मी तीन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. ते रखमाजींना म्हणाले होते, दुकानात गोळ्या विकणारी पोरगी मला शिकवणार का. रखमाजींनी पिशवी माझ्यापुढं ठेवली, म्हणाले, आता यातल्या माझ्या कुठल्या तेवढं सांगा. मी सांगत बसले. त्यामुळं घरी यायला सहा वाजले.

अण्णा तेवढ्यात जाऊन आले होते. मला नंतर कळलं. ट्रंकेत जुनी फाईल होती. मी गोळ्या टाकल्या होत्या, कागद टाकले नव्हते. त्यांनी झोपेच्या, लघवीच्या आणि पायाच्या चिठ्ठ्या काढल्या, खाजेच्या गोळीचं रिकामं पाकीट घेतलं, आणि दोन गावं सोडून एका मेडिकलमध्ये गेले. काउंटरवर कागद ठेवले. कागद चार वर्षं जुने. महिनाभराच्या चारही गोळ्या त्यांना मिळाल्या. मला त्या दुकानदाराचा राग येत नाही. मीही दिल्या असत्या. रोज देते.

रात्री त्यांनी चारही घेतल्या, पहिल्यासारख्या पूर्ण. एवढ्या महिन्यांत शरीराची सवय मोडली होती. सकाळी साडेपाचला बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय अडकला. चौतीस वर्षं खांबावर चढले आणि कधी पडले नाहीत. चार इंचांचा उंबरा होता.

खुब्याचं हाड मोडलंय. मंचरला नेलं, तिथून पुण्याला. सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय अशक्त आहे, भूल झेपणार नाही, असं दोन डॉक्टरांनी वेगवेगळं सांगितलं. घरी न्या, दुखणं कमी राहील असं बघू, म्हणाले. काल आणलं. गोकुळनं त्याच्या गाडीत गादी टाकून आणलं. वाटेत जयंतीच्या कमानी उभ्या राहत होत्या, त्यानं गाडी हळू घेतली.

दवाखान्यात एकदा त्यांना शुद्ध होती तेव्हा मी विचारलं. विचारायलाच हवं होतं. म्हटलं, अण्णा, मरायला घेतल्या का?

ते म्हणाले, "न्हाई ग. मरायचं असतं तर खांब काय थोडे हायेत? जरा कमी दिसावं, एवढंच पायजे व्हतं."

मग मी ते वाक्य बोलले. त्या सकाळी गोळ्या मी दिल्या होत्या, चहातून. तुमचं तोंड नव्हतं ते, अण्णा, माझा हात होता. सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. ते छताकडं बघत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "नर्सला सांग, पाय दुखतोय." त्यांनी ऐकलं का नाही, मला कधीच कळणार नाही. मी पाच आठवडे उशीर केला.

कॉलेजच्या तपासणीचा निकाल मॅडमनी काढला आहे. दोनशे अठ्ठावन्न माणसं तपासली. एकशे चव्वेचाळीस जणांच्या पिशवीत यादीतली एक तरी गोळी निघाली. आमच्या चिठ्ठीवरून प्रत्यक्षात बदल झाला तो अकरा जणांच्या औषधात. त्या अकरांत अण्णा आहेत. "सुधारणा" या रकान्यात त्यांचा आकडा मोजला गेलाय. मी मॅडमना म्हटलं, तो काढा. त्या म्हणाल्या, आकडे मार्चअखेरचे आहेत, तेव्हा ते बरे होते.

तू येऊ शकत असशील तर ये. पहिल्या पत्रात म्हटलं होतं की ये म्हणणार नाही. आता म्हणते.

अमृता


लोणी
६ मे २०२५

दादा,

तुझी पोचपावती आली. पत्र आलं नाही. सूरजनं मला न विचारता तुला फोन केला होता, हे त्यानं काल सांगितलं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि "बरं" म्हणून ठेवलास, असं म्हणाला.

अण्णा आता जवळजवळ काही खात नाहीत. छातीत कफ आहे, पाठीला जखम झाली आहे. दोन वेळा कुशीवर वळवते. गोकुळची बायको मदतीला येते. दुखण्याचं औषध चालू आहे, आणि त्या औषधानं, तापानं, कशाकशानं पुन्हा तेच धुकं आलंय. या वेळी ते कुणी काढू शकणार नाही. डॉक्टर म्हणाले, आता यादी बाजूला ठेवा, त्यांना जे सुखाचं वाटेल ते द्या. मी सहा महिने ज्या गोळ्यांच्या मागं होते, त्यातली एक आता मीच त्यांना पाण्यात विरघळवून देते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून. या वेळी कागद आहे.

आई पुन्हा पारगावला गेली असेल, असं मला वाटलं होतं. तेवढं तरी त्यांना मिळेल. पण नाही. तिचं नाव घेत नाहीत. ती गेली हे त्यांच्या आत पक्कं बसलंय, तेवढंच धुक्यातून दिसतं. विसरायला हवं ते विसरत नाहीत आणि मला विसरलेत.

शुक्रवारी सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. जोर नव्हता, नुसतं धरलं. म्हणाले, "कपिल, आलास का?"

मी फडकं बाजूला ठेवलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, "आलो, अण्णा."

"प्राची?"

"बाहेर आहे. शौर्यला घेऊन बसली आहे."

त्यांना श्वास लागत होता, दोन दोन शब्दांवर थांबत होते. "तिला म्हणावं... मी... तसं..." पुढचं जमेना.

मी म्हटलं, "तिनं ते केव्हाच सोडून दिलं, अण्णा. तुमचं पत्र तिनं वाचलं. ती रागावलेली नाही. मीही नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "अमृताला सांभाळ. ती एकटी पडली." मी तुझ्या तोंडून हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते हे सगळं विसरले आणि पुन्हा विचारलं, कपिल, आलास का. मी पुन्हा आले. चार दिवसांत सहा वेळा आले आहे. दर वेळी माफी मागायला धडपडतात, आणि दर वेळी मी माफ करते, आधी तुझ्याकडून, मग वहिनींकडून. आईच्या वेळी खोटं बोलले तेव्हा मला वाटायचं, मी त्यांच्यासाठी करते. या वेळी कुणासाठी करते आहे ते मला सांगता येत नाही.

माझ्या स्वतःच्या नावानं माफी मागावी असं एकदा मनात आलं. पण त्या खोलीत अमृता आता नाहीच.

पत्र तिकडं पोचायला पाच दिवस लागतात. डॉक्टरांनी दिवस सांगितले नाहीत, मीही विचारले नाहीत. तू निघालास तर सरळ ये, कळवू नकोस. आलास तर त्यांना नवल वाटणार नाही, त्यांच्या हिशेबी तू रोज येतोस. नुसता खाटेपाशी बस. बोलायचं ते सगळं मी बोलून ठेवलंय.

आणि आला नाहीस, तर जे मी तुमच्या दोघांच्या वतीनं माफ करून टाकलं, ते तुम्हाला मान्य नसेल, मला माहीत आहे. तसं असेल तर मला लिही. वाटेल ते लिही. त्यांना मात्र कळू देऊ नकोस.

अमृता